उन्हाळी विंडसर्फिंगसाठी जागा सुचवा : जुलै-ऑगस्टमधले दोन आठवडे

नवखा नाखवा

येत्या जुलैच्या अखेरीस मला सलग दोन आठवड्यांची सुट्टी मिळत असून ती पूर्णपणे विंडसर्फिंगला द्यावी, असा बेत आहे. भूमध्य समुद्राचा परिसर, आल्प्समधले तलाव किंवा कॅनरी बेटे यांपैकी कोठेही जाण्याची तयारी आहे. साहित्य विमानातून न नेता तिथेच भाड्याने घेणार आहे. माझे वजन ७८ किलो असून हा छंद लागून चार उन्हाळे झाले. हार्नेस (शिडाचा ओढा कमरेवर घेणारा पट्टा) आणि फूटस्ट्रॅप (बोर्डवर पाय अडकवायचे पट्टे) वापरून प्लेनिंग (पाण्याच्या पृष्ठावरून सुसाट सरकणे) जमते, मात्र वॉटरस्टार्ट (पाण्यात पडल्यावर शिडातल्या वाऱ्याच्या ओढीने बोर्डवर उभे राहणे) दहापैकी सहा वेळाच साधतो आणि जाइब (वारा पाठीवर घेऊन वळणे) करताना बोर्डचा वेग हमखास मरतो. लाटांचा अनुभव अजिबात नाही. सोबत पत्नी येणार आहे. तिने आजवर शिडाला हातही लावलेला नाही, पण शिकण्याची तिची मनापासून इच्छा आहे.

शोध घेऊ लागल्यावर टारिफा (स्पेन), कार्पाथोस (ग्रीस), फुएर्तेव्हेंतुरा (कॅनरी बेटे), पारोस (ग्रीस), गार्डा (इटली) ही तीच ती नावे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि प्रत्येकापुढे ‘जुलैत इतके टक्के दिवस वारा’ असा आकडा लिहिलेला असतो. सर्वांत मोठा आकडा पाहून जागा निवडावी, की आणखी काही तपासावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

खारा वारा

तुम्ही स्वतःबद्दल नेमकी माहिती दिलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. बहुतेक जण फक्त ‘मध्यम पातळी’ एवढेच लिहितात आणि त्या दोन शब्दांत जाइब सफाईने घेणाऱ्यापासून वॉटरस्टार्टसाठी धडपडणाऱ्यापर्यंत सगळे मावतात.

टक्केवारीवर विसंबू नका. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापनात वारा ४ च्या वर गेला की तो ‘वाऱ्याचा दिवस’, असाच हिशेब बहुधा धरलेला असतो. ४ बोफोर्ट म्हणजे ११ ते १६ नॉट (ताशी सागरी मैल). पण ज्या दिवशी ३५ नॉटचा वारा सुटतो आणि सामान्य माणूस किनाऱ्यावर शीड घट्ट धरून नुसता बसून राहतो, तो दिवसही याच टक्केवारीत मोजला जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १५ नॉटचा वारा ३० नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे मोठ्या टक्केवारीची जागा तुमच्यासाठी कमी दिवसांची ठरू शकते.

माझ्या मते आधी पाहायचे ते हे की, त्या जागी वारा कशामुळे वाहतो. जमीन तापल्यामुळे वाहणारे वारे, म्हणजे शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे किंवा डोंगर-दऱ्यांचे वारे, हे घड्याळ लावल्यासारखे ठरलेल्या वेळी येतात, काही तास टिकतात आणि क्वचितच अंगावर येतात. याउलट मोठ्या प्रदेशातल्या दाबाच्या फरकामुळे वाहणारे वारे एकदा सुटले की दिवस-रात्र, सलग चार-पाच दिवसही चालू राहतात आणि आपल्या सोयीने थांबत नाहीत. त्यानंतर पाहायचा तो वाऱ्याचा किनाऱ्याशी होणारा कोन. मधल्या समुद्रात मास्ट बेस (डोलकाठी बोर्डला जोडणारा सांधा) तुटला तर वारा तुम्हाला कोठे नेऊन टाकील, याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता आले पाहिजे. ते देता येत नसेल, तर ती जागा सध्या तुमच्यासाठी नाही.

तळ्याकाठी

वरील वर्गीकरण मान्य केले, तर पहिल्या प्रकारातले सर्वांत खात्रीचे उदाहरण म्हणजे इटलीतला गार्डा तलाव. मी तिथे सलग काही उन्हाळे जात आलो आहे, त्यामुळे थोडा पक्षपात होईल, हे आधीच कबूल करतो.

हा तलाव दक्षिणेकडे मैदानात पसरलेला आहे, पण उत्तरेचे टोक मात्र उंच डोंगरांच्या कात्रीत सापडून अरुंद झाले आहे, आणि वाऱ्याचे सगळे कसब त्या कात्रीत आहे. रात्री डोंगरांवर थंड झालेली हवा उत्तरेकडून खाली उतरते. या वाऱ्याला तिथे पेलेर म्हणतात. तो पहाटेपासून साधारण दहा-अकरापर्यंत वाहतो. मग तास-दोन तास तलाव आरशासारखा शांत होतो आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा नावाचा वारा सुटतो, तो संध्याकाळपर्यंत टिकतो. म्हणजे एकाच दिवशी एकाच पाण्यावर विरुद्ध दिशांचे दोन वारे मिळतात. ओरा साधारण १२ ते २० नॉटच्या दरम्यान असतो, पेलेर बऱ्याचदा त्याहून जोरकस.

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, टोर्बोले हे गाव तलावाच्या उत्तर टोकाला असल्याने ओरा तिथे किनाऱ्याकडे लोटणारा असतो. काहीही तुटले तरी अखेर तुम्ही टोर्बोलेच्या काठालाच लागता. शिवाय तलावाच्या ट्रेंटिनो प्रांतातल्या भागात खासगी मोटारबोटींना बंदी आहे, त्यामुळे पाण्यावर शिडांचीच गर्दी असते. ती गर्दी मात्र खरोखर मोठी असते आणि ऑगस्टमध्ये तर जाइब घेण्यापूर्वी मान मागे वळवून पाहिल्याशिवाय चालत नाही. वाटेच्या हक्काचा नियम पाठ करून जा : ज्याचा उजवा हात डोलकाठीच्या बाजूला आहे, त्याला वाटेचा हक्क आहे, आणि दोघांचा हात एकच असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने खालच्याला वाट द्यायची.

पत्नीला शिकण्यासाठीही जागा चांगली आहे, कारण ओरा सुरू होण्यापूर्वीचे आणि मावळतानाचे तास हलक्या वाऱ्याचे असतात. पाणी गोडे असल्याने डोळे चुरचुरत नाहीत, पण बोर्ड समुद्रापेक्षा किंचित खोल बसतो, हेही खरे.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. डोंगरात वादळी पाऊस झाला किंवा आल्प्स ओलांडून उत्तरेचा कोरडा वारा खाली आला, की ओराचे चक्र मोडते आणि एक-दोन दिवस काहीच मिळत नाही. ढगाळ रात्रीनंतर पेलेरही आळसावतो.

डोलकाठी

गार्डा उत्तमच आहे, तथापि जुलै-ऑगस्ट म्हटल्यावर एजियन समुद्राला वगळून चालणार नाही. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या या समुद्रात उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. प्राचीन ग्रीक लोक त्याला ‘एटेसियन’, म्हणजे दरवर्षी येणारे वारे म्हणत, आणि जुलै-ऑगस्ट हा त्याचा भर हंगाम असतो. बाल्कन प्रदेशावर जास्त दाब आणि अनातोलियावर कमी दाब, या दोहोंतल्या फरकामुळे तो वाहतो. यातला अनातोलियावरचा कमी दाब हे दक्षिण आशियातल्या मोसमी कमी दाबाच्या पट्ट्याचे पश्चिमेकडे पोहोचलेले शेपूट आहे. ज्या यंत्रणेमुळे आपल्याकडे नैऋत्य मोसमी पाऊस पडतो, तिचाच एक धागा तिथल्या निरभ्र आकाशाखाली शिडे फुगवतो, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

निरभ्र आकाश, हीच त्याची फसवी बाजूही आहे. ढग दाटून येणे, अंधारणे अशी कोणतीही पूर्वसूचना न देता तो वाढतो. सकाळी उशिरा जोर धरतो, दुपारी कळसाला पोहोचतो, रात्री बऱ्याचदा मंदावतो, पण जोरात असेल तेव्हा रात्रीही थांबत नाही. बेटांमधल्या चिंचोळ्या जागांत आणि डोंगरांच्या आडोशाच्या बाजूला तो अधिकच वेग घेतो. कार्पाथोसच्या दक्षिणेला विमानतळाजवळची अफियार्तिस खाडी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे भर हंगामात २५ ते ३५ नॉट वारा असणे ही नवलाईची गोष्ट नाही, आणि तो किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो. पाणी सपाट, वेग अफाट आणि चूक महाग, असा तो मामला आहे. तिथे नवशिक्यांसाठी ‘चिकन बे’ नावाचा उथळ भाग आहे खरा, पण तुमच्या वॉटरस्टार्टची अवस्था पाहता पुढल्या दोन-तीन उन्हाळ्यांनंतरच कार्पाथोसला जावे, असे मी सुचवीन.

ऱ्होड्स बेटाच्या दक्षिण टोकाचे प्रासोनिसी पाहण्यासारखे आहे. वाळूच्या अरुंद दांड्याने एक छोटे बेट मुख्य बेटाला जोडले आहे. दांड्याच्या एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट पाणी असते, आणि हिवाळ्यात पाणी चढले की दांडा बुडून ते छोटे बेट वेगळे होते. सपाट बाजूला वारा बाहेर नेणारा आहे, हे इथेही लक्षात ठेवावे लागते.

पत्नीचा विचार केल्यास नाक्सोस बेटावरचा आगिओस गेओर्गिओसचा उथळ भाग किंवा तुर्कस्तानातल्या चेश्मे द्वीपकल्पावरचे अलाचाती योग्य वाटते. अलाचातीच्या खाडीत बऱ्याच दूरवर पाणी कमरेइतकेच आहे, तळाला वाळू आहे आणि पडल्यावर उभे राहून पुन्हा सुरुवात करता येते. शिकणाऱ्याचा निम्मा शीण शीड पाण्यातून वर ओढण्यातच जातो, तो इथे पुष्कळ वाचतो.

पुळणवाट

टारिफाचे नाव मूळ यादीत पहिले आहे म्हणून लिहितो.

जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे, आणि दोन्ही तीरांवर डोंगर असल्याने हवा तिथे अक्षरशः पिळून निघते. पश्चिमेचा वारा पोनिएन्ते आणि पूर्वेचा लेवान्ते. पोनिएन्ते बराचसा समंजस आहे. तो किनाऱ्याकडे तिरका येतो. लेवान्ते मात्र झटक्याझटक्याने येतो, वाळू अंगावर सुया टोचल्यासारखी मारतो, दिवसचे दिवस टिकतो आणि लोस लान्सेसच्या पुळणीवर तो समुद्राकडे नेणारा आहे. तिथून वाहत गेल्यास पुढे अटलांटिक महासागर आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

आता स्वतःची फजिती सांगतो, जागेचे नाव मुद्दाम घेत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच बाहेर नेणाऱ्या वाऱ्यात भाड्याच्या बोर्डवर मी साधारण सहाशे-सातशे मीटर आत गेलो होतो. काठाजवळ पाणी इतके गुळगुळीत होते की वाऱ्याचा खरा जोर जाणवलाच नाही. तो आत गेल्यावर जाणवला, कारण बाहेर नेणारा वारा काठापाशी आडोशामुळे मंद आणि आत गेल्यावर तेज असतो. मास्ट बेसचा रबरी सांधा तुटला आणि डोलकाठी बोर्डापासून सुटली. मी बोर्डवर बसून दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहिलो, जी आंतरराष्ट्रीय नियमांनी मान्य केलेली संकटाची खूण आहे. परंतु भाड्याच्या केंद्रातला माणूस जेवायला गेला होता आणि बचावाची बोट वाळूवर उलटी पडलेली होती. अखेर एका मासेमारी बोटीने मला उचलले. रिग (शीड आणि डोलकाठी) मी आधीच सोडून दिली होती, आणि तेच योग्य होते. बोर्ड मात्र सोडला नाही. बोर्ड हे तरंगणारे असते आणि दुरून पोहणाऱ्या माणसाच्या डोक्यापेक्षा सहज दिसते.

त्या दिवसापासून बाहेर नेणाऱ्या वाऱ्याच्या कोणत्याही जागी मी जात नाही आणि इतरांनाही जा म्हणत नाही.

डोलकाठी

आपला अनुभव गंभीर आहे, तरीही शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. किनाऱ्यावरून बाहेर जाणाऱ्या वाऱ्यात लाटा उठायला अंतरच मिळत नाही, त्यामुळे पाणी सपाट राहते, आणि जाइब शिकण्यासाठी सपाट पाण्यासारखी दुसरी शाळा नाही. कार्पाथोस, प्रासोनिसी, अलाचाती ही सारी ठिकाणे याच तत्त्वावर चालतात. प्रश्न वाऱ्याच्या दिशेचा नसून बचावाच्या बोटीचा आहे. बोट पाण्यात तयार उभी असेल, तिच्यावर माणूस असेल आणि तो दुर्बिणीतून पाहत असेल, तर असा वारा स्वीकारण्यास हरकत नाही.

पुळणवाट

तुमचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. ‘असेल तर’ हे दोन शब्दच मला त्या दिवशी महागात पडले.

खारा वारा

दोघांच्या मधला मार्ग असा की, पहिल्या दिवशी भाड्याचा करार करण्यापूर्वी तीन प्रश्न तोंडी विचारावेत. बचावाची बोट किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाण्यात असते, ती कोठपर्यंत येते आणि तिने उचलल्यास वेगळे पैसे पडतात का. उत्तर देणारा माणूस अडखळला, तर काठाजवळच राहावे. विंडसर्फर वाहत जाताना पाहून तिकडे कोणीतरी धावेलच, ही समजूत मात्र कोठेच बाळगू नये.

उधाण

फुएर्तेव्हेंतुराबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. कॅनरी बेटांवर ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात आणि ते उन्हाळ्यात सर्वांत जोरात असतात. बेटाच्या दक्षिण भागातल्या सोतावेंतो किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून जागतिक स्पर्धा होत आल्या आहेत. तिथे लांबच लांब पुळण आहे, आणि पुळणीच्या आतल्या बाजूला एक सरोवर आहे, जे फक्त उधाणाच्या भरतीला भरते. हे मी ठळकपणे सांगतो, कारण छायाचित्रांतले ते सुंदर निळे सरोवर पाहून माणसे जातात आणि तिथे पोहोचल्यावर त्यांना कोरडी वाळू दिसते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासचे काही दिवसच त्यात पाणी येते. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी दिनदर्शिका पाहा. भांगेच्या, म्हणजे भरती कमी चढण्याच्या दिवसांत पोहोचलात तर पत्नीच्या शिकण्याची ती सोय राहणार नाही.

सरोवराबाहेर वारा तिरका, समुद्राकडे झुकलेला असतो आणि भर उन्हाळ्यात २० ते ३० नॉट सहज असतो. ग्रान कॅनरियातले पोझो इझ्क्येर्दो तर त्याहून कडक आहे, किनाऱ्याला गोटे आहेत आणि समोर लाटा आहेत. तिथे उड्या मारणाऱ्या खेळाडूंना काठावर बसून पाहण्याचा आनंद घ्यावा, एवढेच.

नवखा नाखवा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टक्केवारीचा विचार मी सोडून दिला आहे. कार्पाथोस, टारिफा आणि पोझो ही नावे यादीतून खोडली. फुएर्तेव्हेंतुराच्या भरतीचे गणित माझ्या सुट्टीच्या तारखांशी जुळत नाही. आता गार्डा आणि नाक्सोस राहिले. मेल्टेमीच्या प्रदेशात, पण मेल्टेमीइतकी अंगावर न येणारी एखादी जागा आहे का? तसेच ७८ किलो वजनाला कोणत्या मापाची शिडे आणि किती लिटर आकारमानाचा बोर्ड मागावा, हेही सांगावे.

डोलकाठी

आहे, पण ती एजियनमध्ये नाही. ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रातल्या लेफ्काडा बेटाच्या दक्षिणेला वासिलिकी नावाची खाडी आहे. हे नाव मी आधीच घ्यायला हवे होते. बेट मुख्य भूमीला पुलाने जोडलेले असल्याने होडीच्या वेळापत्रकाचा प्रश्न येत नाही. सकाळी खाडीत मंद वारा असतो, आणि जगभरचे नवशिके त्याच वेळात शिकतात. दुपारी पश्चिमेच्या डोंगरउतारावरून वारा उतरतो. तिथे येणाऱ्या मंडळींनी त्याचे नाव ‘एरिक’ ठेवले आहे. तो खाडीला आडवा वाहतो. म्हणजे काही तुटले तर तो तुम्हाला सरळ खुल्या समुद्रात न नेता खाडीच्या पूर्वेकडच्या अंगाला लोटतो. सकाळ पत्नीची आणि दुपार तुमची, अशी वाटणी निसर्गानेच करून ठेवलेली आहे. पुळण वाळूची नसून गोट्यांची आहे, तेव्हा पाण्यातले बूट अवश्य न्यावेत.

साहित्याबद्दल असे सांगता येईल की, ७८ किलोला १५ नॉटच्या आसपास ६.५ ते ७ चौरस मीटर, २० नॉटला ५.५ च्या आसपास आणि २५ नॉटला ४.७ हे शीड सामान्यतः बरोबर बसते. वासिलिकी किंवा टोर्बोले येथे तुमचा बहुतेक वेळ ५.५ ते ६.५ च्या दरम्यान जाईल. बोर्ड ११० ते ११५ लिटरचा फ्रीराइड (सर्वसाधारण वापराचा) घ्यावा. वॉटरस्टार्ट चुकल्यास त्यावर उभे राहून दोरीने शीड ओढता येते. ९५ लिटरच्या बोर्डवर ते तुम्हाला जड जाईल. हार्नेस मात्र स्वतःचा न्या. तो हलका असतो, आणि भाड्याचे हार्नेस बरगड्यांपर्यंत सरकणारे किंवा कंबर आवळणारे, या दोनच प्रकारांत सापडतात.

स्वतःचे एखादे शीड नेण्याचा मोह झाला, तर डोलकाठीची वक्रता जुळते का ते पाहा. प्रत्येक उत्पादकाची डोलकाठी वेगळ्या ठिकाणी जास्त वाकते, आणि परक्या डोलकाठीवर चढवलेले उत्तम शीडही पोत्यासारखे वागते. शिवाय जाड आणि बारीक अशा दोन व्यासांच्या डोलकाठ्या प्रचलित असून त्यांचे जोडभाग एकमेकांत बसत नाहीत.

तळ्याकाठी

वासिलिकीची शिफारस मला मान्य आहे. माझा पक्षपात मी मागे घेतो, कारण दोघांपैकी एक जण पूर्णपणे नवशिका असताना टोर्बोलेची दुपारची गर्दी त्रासदायक होऊ शकते.

हवामानाच्या अंदाजाबद्दल एक सूचना करतो. डोंगरउतारावरून येणारे वारे जागतिक प्रारूपांच्या जाळीतून निसटतात. अशा प्रारूपांच्या गणिताची चौकट सुमारे ९ ते १३ किलोमीटरची असते, तर गार्डाचे उत्तर टोक जेमतेम दोन-चार किलोमीटर रुंद आहे. संगणकाला तिथे तलाव दिसतच नाही, म्हणा ना. त्यामुळे मोबाइलवर ‘दुपारी ६ नॉट’ दिसत असताना प्रत्यक्षात १८ नॉट असणे, हा तिथला रोजचा अनुभव आहे. वासिलिकीतही हेच घडते. अंदाजात वाऱ्याचा आकडा न पाहता आकाश निरभ्र राहणार आहे का आणि जमीन तापणार आहे का, एवढे पाहावे. मेल्टेमीचे उलट आहे. तो मोठ्या प्रदेशाचा वारा असल्याने प्रारूपे त्याची चाहूल दोन-तीन दिवस आधी नीट देतात, फक्त डोंगराआडच्या झटक्यांचा जोर त्यांना कळत नाही.

विषय निघाला म्हणून सांगतो की, स्वित्झर्लंडमधल्या सिल्वाप्लाना तलावावरही मालोया नावाचा असाच दुपारचा वारा येतो. तो तलाव जवळपास १८०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने विरळ असल्यामुळे तेवढ्याच नॉटला एक माप मोठे शीड लावावे लागते. पाणी उन्हाळ्यातही थंडगार असते, त्यामुळे नवशिक्याला तिथे नेऊ नये.

पाणवाट

मूळ प्रश्नाच्या कक्षेबाहेरचे आहे, पण ‘तुटल्यावर कोठे पोहोचाल’ या निकषाचे याहून सुंदर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवर कोलंबिया नदी कॅस्केड पर्वतरांग भेदून पश्चिमेला जाते. उन्हाळ्यात आतला कोरडा प्रदेश तापतो, प्रशांत महासागरावरची थंड हवा त्या एकाच घळीतून आत ओढली जाते, आणि हूड रिव्हर गावापाशी जोरदार पश्चिमी वारा सुटतो. वारा पूर्वेकडे नेतो आणि नदी पश्चिमेकडे. शीड पाण्यात पडले की प्रवाह तुम्हाला वाऱ्याविरुद्ध, म्हणजे निघाल्या जागेकडे परत आणू लागतो. याच झटापटीमुळे नदीत उंच, आखूड लाटाही उठतात. मालवाहू तराफ्यांपासून मात्र दूर राहावे. ते थांबत नाहीत.

नवखा नाखवा

वासिलिकी निश्चित केले. सुरुवातीला पहिला आठवडा वासिलिकी आणि दुसरा नाक्सोस असा विचार होता, परंतु नकाशा पाहिल्यावर ग्रीस आडवा ओलांडण्यात जाऊन-येऊन सुट्टीचे दोन-तीन दिवस सहज जातील, असे दिसले. हातचे सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचे, म्हणून दोन्ही आठवडे एकाच ठिकाणी राहणार आहे.

शेवटची शंका अशी की, एखाद्या दुपारी एरिक आलाच नाही, तर तो दिवस वाया गेला असे समजावे का?

खारा वारा

मुळीच नाही, तुमच्या दृष्टीने तो दिवस कदाचित सर्वांत उपयोगाचा ठरेल. आठ-दहा नॉटमध्ये ७ च्या आसपासचे शीड आणि मोठा बोर्ड घेऊन छातीइतक्या पाण्यात उभे राहा आणि फक्त वॉटरस्टार्टच्या पूर्वतयारीचा सराव करा : डोलकाठी वाऱ्याच्या काटकोनात आणणे, शिडाखाली हवा शिरू देणे आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) डोक्यावर धरून बोर्डचे तोंड पायाने वळवणे. बहुतेकांचा वॉटरस्टार्ट ताकद कमी पडते म्हणून फसत नाही. शीड पाण्यातून उचलण्यापूर्वी बोर्ड चुकीच्या दिशेला असतो, म्हणून फसतो. जोराच्या वाऱ्यात हे कळायला वेळच मिळत नाही.

पुळणवाट

आणि बोर्ड भाड्याने घेताना मास्ट बेसचा रबरी सांधा स्वतः वाकवून पाहा. बुडाशी चिरा दिसल्या तर दुसरा मागा. हार्नेसच्या खिशात दीड मीटर बारीक दोरीही ठेवा. माझ्याकडे त्या दिवशी ती असती, तर डोलकाठी बोर्डाला बांधून मी हळूहळू का होईना, काठाकडे येऊ शकलो असतो.

नवखा नाखवा

दोरी आजच सामानात ठेवली.